स्टेपनी दारावर नको, चेसिसवर हवी : रबाळ्यात बनवून घेतलेल्या कॅरिअरचा चौदा महिन्यांचा अनुभव

माझी गाडी चारही चाकांनी ओढणारी आहे आणि तिची स्टेपनी कारखान्यातूनच मागच्या दारावर बसवून आलेली होती. पहिली दोन वर्षे त्याबद्दल माझी काहीही तक्रार नव्हती. कंपनीने दिलेल्या टायरच्या वजनाचा हिशेब करूनच ते दार आणि त्याच्या बिजागऱ्या घडवलेल्या होत्या. पुढे मुरबाड, जव्हार, भंडारदरा या बाजूच्या कच्च्या वाटांसाठी मी २३५/७५ आर १५ मापाचे जाड नक्षीचे टायर घेतले, स्टेपनीही त्याच मापाची केली, आणि तीन-चार महिन्यांतच घोडबंदर रस्त्यावर गायमुखच्या चढाला प्रत्येक खड्ड्यागणिक मागून ‘टक्’ असा आवाज येऊ लागला. दार उघडून कडेला हात घालून वर उचलले की ते बोटभर हलत असे. दोन्ही चाके मी आमच्या भागातल्या भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवून पाहिली, तेव्हा जुने रिमसकट साडेअठरा किलो भरले आणि नवे सत्तावीस किलो. म्हणजे ज्या बिजागऱ्यांनी साडेअठरा किलो पेलायचे होते, त्यांच्यावर मी जवळपास दीडपट भार टाकला होता.

हा हिशेब थोडा पुढे नेऊन पाहण्यासारखा आहे. दार पूर्ण उघडले की चाकाचा मध्य बिजागरीच्या रेषेपासून ५८ सेंटिमीटर दूर जातो आणि दोन बिजागऱ्यांमधले अंतर आहे ४२ सेंटिमीटर. त्यामुळे गाडी स्थिर उभी असतानाही वरची बिजागरी केवळ चाकाच्या वजनाने सुमारे ३७ किलोच्या जोराने बाहेर ओढली जाते, आणि दाराचे स्वतःचे वजन वेगळेच. दार बंद असताना समोरच्या बाजूची कडी काही भार वाटून घेते हे खरे. परंतु चाक खड्ड्यात आदळले की तोच भार क्षणभर दुप्पट-तिप्पट होतो आणि असे क्षण ठाणे ते माळशेज या प्रवासात किती येतात हे या रस्त्याने जाणाऱ्याला सांगायला नको. बिजागरीमागचा पत्रा फाटल्यावर होणारा खर्च कोणत्याही कॅरिअरपेक्षा मोठा असतो, म्हणून मी वेगळा कॅरिअर बसवायचे ठरवले.

त्याआधी इतर मार्गही पाहिले. स्टेपनी टपावर ठेवली तर मागचे दार मोकळे होते, पण गाडीचा सगळ्यात जड सुटा भाग सगळ्यात उंच जागी जातो आणि आडव्या उतारावर गाडी कलते तेव्हा ते वजन नेमके चुकीच्या बाजूला ओढते. शिवाय भर पावसात सत्तावीस किलोचे चाक डोक्यावरून खाली घ्यायचे, हे वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी मला जमणारे नाही. स्कॉर्पिओ-एन किंवा फॉर्च्युनरसारख्या गाड्यांत स्टेपनी पोटाखाली टांगलेली असते. डांबरी रस्त्यावर ती सोय उत्तम आहे, मात्र गाडी चिखलात रुतली की त्याच चिखलात आडवे होऊन स्टेपनी सोडवावी लागते. डिकीत ठेवली तर सामानाची जागा जातेच, आणि चाक पक्के आवळलेले नसेल तर जोराचा ब्रेक लागताच ते पुढच्या माणसांवर येऊ शकते. थार, जिमनी, गुरखा या गाड्यांनी मागच्या दाराचीच जागा निवडली आहे आणि मूळ मापाच्या टायरसाठी ती योग्यच आहे. टायर मोठा केला, तरच पुढचा प्रश्न उभा राहतो.

काही जण विचारतात की स्टेपनी हवीच कशाला. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असेल, तर साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला स्टेपनीची सक्ती नाही, असा बदल केंद्र सरकारने २०२० साली मोटार वाहन नियमांत केला. शहरातल्या गाडीसाठी तो समजण्यासारखा आहे. खिळा टायरच्या तळव्यात घुसतो आणि तिथे रबराची पट्टी भरता येते. सह्याद्रीच्या काळ्या खडकाची धार मात्र टायरच्या कुशीला, म्हणजे बाजूच्या भिंतीला लागते, आणि कूस फाटली की पट्टी टिकत नाही. त्यातही चारही चाके एकत्र ओढणाऱ्या गाडीला स्टेपनी त्याच मापाची लागते. वेगळ्या व्यासाचे चाक लावून कोरड्या रस्त्यावर फोर-व्हील गिअर टाकला, तर पुढच्या-मागच्या चाकांची फिरण्याची गती जुळत नाही आणि ताण गिअरांवर येतो. (‘स्टेपनी’ हा आपल्या रोजच्या बोलण्यातला शब्द वेल्समधल्या लनेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आलेला आहे. १९०४ च्या सुमारास तिथल्या डेव्हिस बंधूंनी पंक्चर झालेल्या चाकाच्या बाजूला आवळून बसवायचे, आरे नसलेले जादा चाक बनवले होते. खुद्द इंग्रजीतून तो शब्द जवळपास गेला, आपल्या पंक्चरच्या दुकानांत टिकला.)

आता ज्या वस्तूचा हा अनुभव आहे तिच्याकडे वळतो. ठाणे-बेलापूर रस्त्यालगत रबाळे औद्योगिक वसाहतीत गाड्यांचे बंपर, टपावरचे कॅरिअर आणि शिड्या बनवणारे एक छोटे वर्कशॉप आहे. पुढे काही तक्रारी मांडणार असल्याने त्याचे नाव येथे देत नाही. मी त्यांच्याकडून लोखंडी मागचा बंपर आणि त्याच्या उजव्या कोपऱ्यात फिरणारा, स्टेपनी वाहणारा बाहू असा जोड करून घेतला. बाहू ५० मिलिमीटर चौकोनी पाइपचा आहे, चाक बसवायची तबकडी १० मिलिमीटर जाडीच्या पत्र्याची आहे, आणि सगळा संच चेसिसच्या, म्हणजे गाडीच्या तळातल्या लोखंडी चौकटीच्या, दोन्ही दांड्यांना प्रत्येकी चार बोल्टांनी जोडलेला आहे. स्टेपनीचा भार आता दारावर, दारामागच्या पत्र्यावर किंवा बंपरच्या प्लास्टिकवर कुठेच येत नाही; तो सरळ चेसिसवर जातो. ज्यांना असा कॅरिअर घ्यायचा आहे त्यांनी गाडीखाली वाकून सर्वांत आधी हीच गोष्ट पाहावी. बाजारात तयार मिळणारे काही कॅरिअर वरून भक्कम दिसतात आणि खाली मूळ बंपरच्याच दोन पट्ट्यांना लटकवलेले असतात.

या संपूर्ण वस्तूचा जीव तिच्या खुंटीत आहे. बाहू ज्या उभ्या खुंटीभोवती फिरतो ती नुसत्या पाइपात पाइप घालून केली, तर सहा महिन्यांत आतली भोके लांबट होतात, बाहूचे टोक खाली येते आणि कडी लावण्यासाठी प्रत्येक वेळी चाकाला खांदा द्यावा लागतो. एका ओळखीच्या गृहस्थांच्या गाडीवर मी हे डोळ्यांनी पाहिले होते, म्हणून माप द्यायला गेलो तेव्हा पहिला प्रश्न खुंटीचाच विचारला. तिथल्या मिस्त्रींनी फळीवरून एक भाग काढून माझ्या हातात ठेवला. लेथवर ओढलेली ४० मिलिमीटर जाडीची खुंटी, तिच्यावर खालून आणि वरून एकेक निमुळते रोलर बेअरिंग, मध्ये ग्रीसची जागा, वर आवळायचा खाचांचा नट आणि तो सैल होऊ नये म्हणून त्यातून आरपार जाणारी पिन, अशी ती रचना होती. ट्रेलरच्या चाकाच्या हबमध्ये असते तशीच. “साहेब, हे झिजलं तर बेअरिंग बदलायचं, खुंटी नाही,” असे त्यांनी सांगितले आणि त्या एका वाक्यावर मी आगाऊ रक्कम दिली. चौदा महिन्यांनंतर, सुमारे अकरा हजार किलोमीटर झाल्यावर, बाहूचे टोक बसवले त्या दिवशी होते त्याच उंचीवर आहे. भिंतीवर पेन्सिलीने खूण करून ठेवली होती, ती ताडून पाहिली.

दुसरी विचारपूर्वक केलेली गोष्ट म्हणजे बाहूच्या मोकळ्या टोकाखालचा आधार. बाहू बंद होताना त्याचे टोक बंपरवरच्या इंग्रजी ‘व्ही’ आकाराच्या खाचेत चढून बसते, वरून ओढून धरणारी कडी त्याला त्या खाचेत दाबते, आणि चालत्या गाडीत निम्मा भार त्या बाजूला जातो. म्हणून बंद स्थितीत खुंटीला एकटीने काही सोसावे लागत नाही. सुरुवातीला या खाचेत रबर बसवले होते. रबर दबले, दोन महिन्यांत खडखडाट परत आला आणि काही दिवस मला वाटले की पैसे वाया गेले. मी पुन्हा रबाळ्याला गेलो, तेव्हा रबर काढून नायलॉनचा ठोकळा बसवून दिला आणि कडी दोन आटे आवळली. त्यानंतर आवाज नाही. या कामाचे वेगळे पैसे घेतले नाहीत, हे आवर्जून नोंदवतो.

खरी परीक्षा जुलैत झाली. कल्याण-मुरबाडमार्गे माळशेजकडे जाताना वैशाखऱ्याच्या अलीकडे मुख्य रस्ता सोडून आम्ही एका पाड्याकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेला लागलो होतो. गाडी माझी मुलगी चालवत होती. पावसाने माती वाहून गेल्याने वाटेतले दगड उघडे पडले होते, आणि त्यांतल्या एकाच्या धारेने पुढच्या डाव्या टायरची कूस दोन इंच फाटली. गाडी उभी राहिली ती किंचित चढावर आणि डावीकडे कलून. चाकांमागे दगड लावले, फोर-व्हीलचा लो गिअर टाकून ठेवला, हँडब्रेक ओढला आणि मी स्टेपनी काढायला मागे आलो. कडी एका हाताने उघडली, बाहू काटकोनात फिरवला आणि नट सोडायला वाकलो, तोच तो मोठा बाहू सावकाश परत फिरून माझ्या कोपरावर आदळला. बाहू उघडा राहावा म्हणून स्प्रिंगची एक पिन खालच्या भोकात आपोआप पडते. ते भोक चिखलाने भरले होते, पिन वरच अडकली होती, आणि गाडी डावीकडे कललेली असल्याने बाहूची स्वाभाविक ओढ बंद होण्याकडेच होती. कोपर सुजले, त्याहून अधिक काही झाले नाही. पण तिथे मुलीची बोटे असती तर काय झाले असते, हा विचार घरी येईपर्यंत मनातून गेला नाही.

मुलीने स्क्रूड्रायव्हरने भोकातला चिखल उकरून काढला, पिन ‘खट्’ करून बसली, आणि पुढचे सारे काम खरोखरच सुखाचे झाले. दाराला हात न लावता चाक मोकळे करता आले, जॅक आणि पाना काढायला डिकी स्वतंत्र उघडता आली, आणि पायाखाली चिखल असला तरी आम्ही दोघे पूर्ण वेळ उभ्यानेच काम करत होतो. फाटलेले चाक परत वर चढवणे मात्र जड गेले. या कॅरिअरवर चाक पूर्वीपेक्षा हातभर नाही, पण चांगले वीतभर उंच बसते. तेव्हा मुलीने फावड्याचे पाते चाकाखाली घातले, दांड्याखाली दगडाचा टेकू दिला, आणि “बाबा, तुम्ही फक्त बोल्ट दाखवा,” असे म्हणत दांडा खाली दाबून चाक तबकडीच्या बोल्टांपर्यंत आणले. तेव्हापासून फावडे गाडीतून उतरवलेले नाही. थांबल्यापासून निघेपर्यंत पस्तीस मिनिटे लागली.

त्या पिनेबद्दल मी वर्कशॉपला सविस्तर सांगितले. भोक आंधळे ठेवले होते, म्हणजे खालून बंद होते, म्हणून चिखल त्यात साठत होता. आता ते आरपार केले आहे, वर रबराची टोपी बसवली आहे आणि पिन पूर्ण बसली की दिसावी म्हणून तिच्या दांड्यावर लाल पट्टा रंगवला आहे. हा बदल त्यांनी मनापासून केला, तरी अशा वस्तूत तो पहिल्या दिवसापासून असायला हवा होता, कारण उतारावर उघडा बाहू थोपवून धरणे हे तिचे मूळ काम आहे. ती जास्तीची सोय नव्हे.

तक्रारी आणखी आहेत. आठ दिवसांत देतो म्हणून सांगितलेले काम तेवीस दिवसांनी मिळाले आणि त्यासाठी कळवा-विटावामार्गे तीन खेपा झाल्या. चौकोनी पाइपाला पाणी निघून जायला खाली भोके ठेवलेली नव्हती. पहिल्या पावसाळ्यानंतर वेल्डिंगच्या एका जोडातून तांबूस ओघळ दिसला, तेव्हा कळले की आत पाणी साठून गंज धरतो आहे. खाडीकाठच्या दमट हवेत पावडर कोटिंग केवळ बाहेरून रक्षण करते. आतल्या बाजूला काहीच नसते. मी स्वतः आठ मिलिमीटरची तीन भोके पाडली आणि आत गंजरोधक मेणाचा फवारा मारून घेतला. ज्यांना शक्य असेल त्यांनी सगळा सांगाडा गरम जस्ताच्या हौदात बुडवून घ्यावा आणि मग त्यावर रंग द्यावा. नंबरप्लेटच्या दिव्याची वायर नुसती पिळून वर चिकटपट्टी गुंडाळली होती, तीही सुटली. लोखंडात एवढी काळजी घेणाऱ्या माणसांनी विजेच्या कामात अशी हयगय का करावी, हे मला कळलेले नाही.

काही गोष्टी कारागिराच्या हातात नाहीत, त्या या रचनेबरोबर येतातच. गाडीची लांबी सतरा सेंटिमीटरने वाढली, आणि आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मागे भिंत असल्याने बाहू उघडायचा तर गाडी आधी पुढे घ्यावी लागते. भाजीची पिशवी ठेवायलाही आधी बाहू, मग दार, अशी दोन कामे करावी लागतात. चाक उंच आल्याने मागच्या काचेतून दिसणारा रस्ता खालून बराच झाकला जातो, आणि मागचा कॅमेरा जागेवरून हलवून तबकडीच्या मध्यावर आणावा लागला. बंपर आणि बाहू मिळून एकेचाळीस किलोचे आहेत, तेही मागच्या चाकांच्या बरेच मागे. त्यामुळे मागची स्प्रिंग बारा मिलिमीटर बसली. रोज ऑफिसला जायची आणि वर्षातून एकदा लोणावळ्याला जायची गाडी असेल, तर हा सगळा त्रास विकत घेऊ नये.

कायद्याची बाजू हलकी समजू नये. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत असा बदल करता येत नाही, ज्यामुळे नोंदणी पुस्तकातला तपशील कंपनीने मुळात ठरवलेल्या तपशिलाहून वेगळा होईल, आणि पुढच्या लोखंडी गार्डवर याच कलमाच्या आधारे कारवाई होत आलेली आहे. मागच्या बंपरकडे तपासणी अधिकारी कसा पाहील, हे त्या अधिकाऱ्यावर अवलंबून राहते. म्हणून मी मूळ बंपर घरात जपून ठेवला आहे, विमा कंपनीला हा बदल लेखी कळवून पोच घेतली आहे, आणि नंबरप्लेट, तिच्यावरचा पांढरा दिवा, दोन्ही मागचे दिवे आणि ब्रेकचा वरचा दिवा यांतले काहीही चाकाआड जाणार नाही अशी मांडणी करून घेतली आहे. रात्री नंबर मागून पंधरा मीटरवरून वाचता आला पाहिजे, असा नियम आहे; पार्किंगमध्ये पावले मोजून मी ते पाहिले. ही तपासणी वर्कशॉपवाले करत नाहीत. गाडी ताब्यात घेण्यापूर्वी, अंधार पडल्यावर, ती आपणच करावी.

बंपरसह कॅरिअरचे ३६,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे एकूण ४२,४८० रुपये झाले; कॅमेरा आणि दिव्यांचे काम वेगळे. मोठ्या चाकांवर कच्च्या वाटेने नियमित जाणाऱ्याला मी हा कॅरिअर घ्यायला नक्की सांगेन, आणि खुंटी व चेसिसवरची जोडणी या दोन बाबतींत या वर्कशॉपचे काम मला आजवर पाहिलेल्यांत सर्वांत प्रामाणिक वाटले. मात्र ऑर्डर देताना पाण्याची भोके, पिनेचे आरपार भोक आणि सोल्डर करून जोडलेली वायर या तीन गोष्टी कागदावर लिहून त्याखाली सही घ्यावी.

देखभाल फारशी नाही. दर तीन महिन्यांनी खुंटीच्या निपलमधून ग्रीस, तेव्हाच चेसिसचे आठ बोल्ट पान्याने तपासणे, आणि स्टेपनीत नेहमीपेक्षा चार-पाच पीएसआय जास्त हवा. ऊन थेट लागत असल्याने चाकावर कापडी कव्हर घातले आहे, आणि दर दहा हजार किलोमीटरला स्टेपनी धरून पाचही चाकांची अदलाबदल करतो. टायरच्या कुशीवरच्या चार आकड्यांत तो कोणत्या आठवड्यात, कोणत्या वर्षी बनला हे लिहिलेले असते, आणि न वापरलेला टायरही वयाने कडक होतोच. मागच्या रविवारी ग्रीस भरताना वरचा खाचांचा नट किंचित सैल लागला. पाव फेरा आवळला, पिन परत घातली, आणि बाहू एका बोटाने फिरवून पाहिला.